कलिंगडाच्या ट्रेसाठी पाव इंची जाळीची पेटी : आठ महिन्यांनंतर

पेरलेल्या बिया उंदरांपासून वाचवायला मागच्या ऑक्टोबरात ट्रे ठेवायची जाळीची पेटी करून घेतली, आता जून उजाडलाय. मधल्या काळात कलिंगड, काकडी, दोडका, भोपळा मिळून नऊशेच्या वर ट्रे तिच्यातून गेले. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आमची छोटी रोपवाटिका जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. दहा गुंठे शेडनेट, कडेला पत्र्याची खोली आणि तिन्ही बाजूंनी लोकांचा ऊस. ऊस उभा असतो तोवर उंदीर तिकडे सुखात असतात. तोड सुरू झाली की सगळं बिऱ्हाड आमच्याकडे. नेमके तेच दिवस कलिंगडाचे ट्रे भरायचे.

पेटीच्या आदल्या हंगामात, डिसेंबरात, चाळीस ट्रे भरले होते. ९८ कप्प्यांचे, म्हणजे ३,९२० बिया. पाणी मारून एकावर एक रचले, प्लॅस्टिकने गुंडाळले, थंडी होती म्हणून खोलीत शंभरचा बल्ब लावला. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढलं तर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) बोटाएवढे खड्डे आणि वर टरफलांच्या फाका पडलेल्या. साडेनऊशेच्या आसपास कप्पे रिकामे. बी दोन रुपयाला एक पडलेलं. पैशाचं एक वेळ सोडा, पण शेतकऱ्याला तारीख दिलेली असते. त्याचं मल्चिंग, म्हणजे वाफ्यावरचा प्लॅस्टिक कागद, अंथरून झालेलं असतं, त्याला उंदराची कहाणी सांगून काय उपयोग?

नंतर हिशोब मांडला. घरातला बारका उंदीर दिवसाला साधारण तीन ग्रॅम खातो. कलिंगडाचं बी ४०-५० मिलिग्रॅमचं, त्यातून टरफल वजा. म्हणजे एकटा उंदीर रात्रीत शंभरेक बिया फस्त करतो. दोन रात्री आणि चार-पाच उंदीर, एवढ्यात झालं आमचं.

मग माणूस करतो ते सगळं केलं. आवाजाने उंदीर पळवणारं मशीन ऑनलाइन मागवलं. आठवडाभर शांतता, म्हटलं जमलं. दहाव्या दिवशी मशीनच्याच खाली लेंड्या. आता ते मुलाच्या खोलीत रात्रीचा दिवा म्हणून लावलंय. झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष आमच्याकडे बांधावरच्या बिळांत लोक टाकतात, पण त्याला उतारा नाही, आणि खोलीभोवती आमच्या कोंबड्या फिरतात. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्या एकदा ठेवल्या. उंदीर खाऊन चार-पाच दिवसांनी मेला तो नेमका रचलेल्या ट्रेंच्या मागे, आणि वास येईपर्यंत पत्ता नाही. चिकट पुठ्ठ्यावर जिवंत उंदीर रात्रभर ओरडत राहिला, त्या दिवसापासून आईने तो प्रकार बंद पाडला. मांजर पाळा म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, दोन आहेत. एक त्याच गरम ट्रेंवर चढून झोपते आणि नखांनी प्लॅस्टिक फाडते. दुसरी चांगली शिकारी आहे, पण दिवस मावळला की तिला घरात घ्यावं लागतं, कारण उसात बिबट्या.

या सगळ्यातून एक कळलं. उंदीर संपवायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बी भिजल्यापासून कोंब वर येईपर्यंतच्या तीन-चार रात्री सांभाळायच्या. रोपाने दोन दलं उघडली की बियातलं खाणं संपलेलं असतं, मग उंदीर फारसा फिरकत नाही. डोक्यावर टरफलाची टोपी असते तेवढे एक-दोन दिवस कुरतडतो, बस्स.

म्हणून ही पेटी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच, अँगलची चौकट आणि सहाही बाजूंनी पाव इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली लोखंडी) जाळी. आत ऐंशी-नव्वद ट्रे मावतात. जाळी, अँगल, मजुरी धरून ७,८०० रुपये गेले. फॅब्रिकेटर म्हणाला, अर्धा इंची घ्या, स्वस्त पडेल. ऐकू नका. अर्ध्या इंचाने घूस अडते, बारका उंदीर नाही. जिथून पेन्सिल जाते तिथून तो जातो, असं धरून चालायचं. इन्सेक्ट नेट किंवा प्लॅस्टिकची जाळी तर त्याला दात घासायलाच.

आता तक्रारी. दार बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात नीट बसत नव्हतं. डिसेंबरअखेर एक पठ्ठ्या तिथून आत गेला, दोन ट्रे गेले. आधी रबराची पट्टी लावली, ती त्याने कुरतडली. मग लोखंडी पट्टी मारून घेतली, त्यानंतर आजपर्यंत आत एकही शिरलेला नाही. वेल्डिंगचे टाके मारले तिथला जस्ताचा थर जळतो, आणि आत सतत दमट, त्यामुळे मार्चपर्यंत तळाला गंज दिसायला लागला. टाके मारल्या मारल्या रंग द्यायला हवा होता. कापलेल्या तारांची टोकं आत वळवून घ्या, मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलोय. पेटी जड आहे, हलवायला दोघं लागतात.

एक चूक माझीच. जानेवारीत ऊब राहावी म्हणून पेटीला बाहेरून बारदान गुंडाळलं. महिन्याने सोडलं तर घडीत घरटं, सहा गुलाबी पिल्लं. त्यांना ऊब आणि निवारा मीच दिला. आता बारदानाच्या जागी आतूनच प्लॅस्टिक लावतो.

पेटीच्या जोडीला खोलीत भिंतीकडेने बारा चाप ठेवलेत, चापाचं तोंड भिंतीकडे करून. आमिष म्हणून भजी, भाकरी, सगळं झालं. सगळ्यांत चाललं ते शेंगदाण्याच्या कुटाचा गुळात मळलेला खडा. पहिल्या आठवड्यात सतरा उंदीर सापडले, नंतर आठवड्याला एखादा. एकदा चिचुंद्री अडकली. वाईट वाटलं, ती बिचारी किडे खाते, बियांच्या वाटेलाही जात नाही.

फक्त टोमॅटो-मिरचीची रोपं करणाऱ्याने एवढा खर्च करू नये. त्या बियांना आमच्याकडे उंदराने कधी विशेष तोंड लावलं नाही. वेलवर्गीय पिकं आणि मका करणाऱ्याने मात्र बी आणायच्या आधी जाळी आणावी. मी दुसरी पेटी सांगितलीय, या वेळी थोडी लहान, आणि दार पुढून ठेवण्याऐवजी वरून उघडणारं.