बालकेंद्री शिक्षक-प्रशिक्षणाचे दहा महिने : एक परीक्षण

११ वर्षे गणित शिकवल्यानंतर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, ती १० महिन्यांच्या एका बालकेंद्री शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमात. नोकरी सांभाळून करता येईल अशी त्याची आखणी आहे : सुरुवातीला सलग दोन आठवड्यांचे शिबिर, त्यानंतर दर पंधरवड्याला एक पूर्ण दिवसाचे सत्र, आणि मधल्या काळात आपापल्या वर्गात करायचे काम, त्याच्या नोंदी व मार्गदर्शकांच्या वर्गभेटी. आमच्या तुकडीत १४ जण होते. काही बालवर्गाचे, काही प्राथमिकचे आणि माझ्यासारखे तीन-चार वरच्या वर्गांना शिकवणारे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी मला लिहायचे आहे ते बहुतांशी या प्रकारच्या प्रशिक्षणाचेच आहेत, आणि अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्यापूर्वी ते माहीत असणे उपयोगाचे आहे.

माझे मत आधीच सांगते. या अभ्यासक्रमात काय सांगितले जाते यापेक्षा तो कसा चालवला जातो, यात त्याचे खरे मोल आहे. मुलांना बोलू द्या, असे तीन-तीन तास एकट्याने बोलून सांगणारी प्रशिक्षणे मी नोकरीच्या काळात पुष्कळ केली आहेत, आणि त्यांतून परतल्यावर माझ्या वर्गात काहीही बदलले नाही. येथे मात्र मुलांना जसे वागवावे असे आम्हाला सांगितले गेले, तसेच आम्हाला वागवले गेले.

पहिल्याच दिवशी प्रत्येकापुढे एक सेल, विजेरीचा एक लहानसा बल्ब आणि एक तार ठेवण्यात आली. होल्डर नाही, दुसरी तार नाही. ‘दिवा लावा’ एवढीच सूचना. आमच्यात विज्ञान शिकवणारे दोघे होते, बाकीच्यांनीही विद्युत परिपथाची आकृती शाळेत असताना अनेकदा काढलेली होती. तरीही बहुतेकांनी तारेचे एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरे बल्बच्या बुडाला लावले, आणि दिवा लागला नाही. कोणी तार सेलच्या दोन्ही टोकांना जोडून तिच्यावर बल्ब टेकवून पाहिला, तेव्हा तार बोटांना चटका बसण्याइतकी तापली. प्रशिक्षिका कोणालाही ‘चूक’ म्हणाल्या नाहीत; ‘तार तापली म्हणजे तिच्यातून काय जात असेल, आणि ते बल्बमध्ये का शिरत नसेल?’ असे विचारून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. सुमारे २५ मिनिटांनी माझा दिवा लागला, आणि बल्बला दोन जागी स्पर्श व्हावा लागतो, बुडाच्या टोकाला आणि बाजूच्या धातूच्या कड्याला, ही गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली. परीक्षेत या प्रकरणावर मी पूर्ण गुण मिळवले होते. दुपारी प्रत्येकाने आपल्या सगळ्या प्रयत्नांची चित्रे काढली आणि भिंतीवर लावली गेली ती न लागलेल्या दिव्यांची चित्रे, कारण विचार कसा सरकत गेला हे त्यांतच दिसत होते.

या अनुभवानंतर सिद्धान्ताकडे वळणे सोपे गेले. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५मध्ये मांडलेला एक विचार येथे फार नेमकेपणाने हाताळला गेला : शिक्षक होण्याआधीच प्रत्येक जण हजारो तास वर्गात बसून शिक्षकांना पाहत आलेला असतो, आणि ही नकळत झालेली उमेदवारी, म्हणजे शिकाऊपणाचा काळ, पदवीच्या अभ्यासापेक्षा प्रबळ ठरते. म्हणूनच नव्या पद्धतीची कितीही व्याख्याने ऐकली तरी वर्गात उभे राहिल्यावर आपण आपल्या जुन्या शिक्षकांसारखेच शिकवू लागतो. ती सवय मोडायची तर दुसऱ्या प्रकारे शिकण्याचा अनुभव स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो, आणि दोन आठवड्यांच्या शिबिराचा हेतू तोच आहे. या विचाराची परंपरा जुनी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ व शिक्षणविचारक जॉन ड्युई यांनी १८९६मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून जी शाळा काढली, तिथे मुले विणकाम, सुतारकाम आणि स्वयंपाक करता करता गणित, विज्ञान आणि इतिहासापर्यंत पोचत. न्यूयॉर्कमध्ये ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी १९१६मध्ये उभारलेल्या केंद्रातून पुढे बँक स्ट्रीट ही शिक्षक घडवणारी संस्था आकाराला आली, आणि भावी शिक्षकांनी आधी मुलांकडे बारकाईने पाहायला शिकावे, हा आग्रह तिथे पक्का झाला. आमच्या अभ्यासक्रमाने इतिहासाला दोनच सत्रे दिली. मला ती पुरेशी वाटली.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे एका मुलाचे निरीक्षण. अमेरिकेतील व्हरमाँट येथे १९६५मध्ये सुरू झालेल्या प्रॉस्पेक्ट शाळेत पॅट्रिशिया करिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली वर्णनाची पद्धत येथे वापरतात. मूल पाच अंगांनी पाहायचे असते : त्याचे शारीरिक अस्तित्व व हावभाव, त्याचा स्वभाव, इतर मुलांशी व मोठ्यांशी असलेले नाते, त्याच्या खास आवडीनिवडी, आणि विचार करण्याची व शिकण्याची रीत. वर्णनात ‘आळशी’, ‘हुशार’, ‘दंगेखोर’ असे शिक्के चालत नाहीत. जे दिसले आणि जे ऐकू आले तेवढेच लिहायचे. हे वाचायला सोपे वाटते, करायला अत्यंत अवघड आहे. मी निवडलेल्या मुलाविषयी पहिल्या आठवड्यात मी ‘लक्ष नसते’ असे लिहिले होते, आणि मार्गदर्शिकांनी त्यापुढे फक्त ‘कशाकडे नसते? कशाकडे असते?’ असे लिहून वही परत केली. मग मी पाहू लागले. उदाहरण उतरवण्याआधी तो पानावर पट्टीने रेघा मारून जागा वाटून घेतो. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो शेजाऱ्याच्या कानात सांगतो, बऱ्याचदा बरोबर सांगतो, आणि शेजारी हात वर करतो. दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता आणि यातले काहीही मी पाहिलेले नव्हते. ती वही आजही उघडली की मला त्या दोन वर्षांचे वाईट वाटते.

याच मुलाने एके दिवशी एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश यांची बेरीज दोन सप्तमांश अशी केली. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असते, आणि पूर्वी मी लाल शाईने फुली मारून लसाविची रीत पुन्हा एकदा फळ्यावर लिहिली असती. प्रशिक्षणात मात्र आम्हाला एक प्रश्न विचारायची सवय लावली होती : हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असेल? मी त्याला ‘तुला हे कसे सुचले ते दाखव’ म्हटले. त्याने दोन डब्या काढल्या. एकीत तीन गोट्या, त्यांतली एक लाल. दुसरीत चार गोट्या, त्यांतली एक लाल. दोन्ही एकत्र ओतल्या तर सातपैकी दोन लाल. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते, फक्त तो प्रश्न वेगळा होता. मग मी त्याला सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या आणि एकाच पट्टीचा तिसरा भाग व चौथा भाग एकापुढे एक ठेवायला सांगितले. ते दोन्ही मिळून पट्टीच्या निम्म्याहून पुढे गेले. नंतर त्याने दुसऱ्या पट्टीचे सात भाग करून दोन मोजले, आणि तो थांबला, कारण दोन सप्तमांश हे नुसत्या एक तृतीयांशापेक्षाही आखूड निघाले. ‘मिळवल्यावर कमी कसे होईल?’ हे वाक्य त्याचे आहे, माझे नाही. बारा समान भागांकडे तो त्यानंतर स्वतःहून आला, आणि त्या तासिकेत मी लसावि हा शब्द उच्चारला तो अगदी शेवटी.

आणखी एका सरावाचा उल्लेख केलाच पाहिजे. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तो अवकाश तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला तर मुलांची उत्तरे लांबतात, ती कारणे देऊ लागतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. आम्हाला आपल्याच तासिकेचे ध्वनिमुद्रण करून घड्याळ लावून हे मोजायला सांगितले. माझ्या वर्गात मुले बोलतात असा माझा समज होता. मुद्रणात सलग आवाज ऐकू आला तो माझा. तीन सेकंद गप्प राहणे किती जड जाते, हे करून पाहिल्याशिवाय पटणार नाही. दोन महिन्यांच्या सरावानंतर ते मला जमू लागले, आणि या एका गोष्टीसाठीसुद्धा मी अभ्यासक्रमाचा वेळ सार्थकी लागला असे म्हणेन.

आता उणिवा. त्यांतल्या काही किरकोळ नाहीत.

आठ वर्गभेटींचे आश्वासन होते, प्रत्यक्षात पाच झाल्या, आणि त्यांतली एक ऑनलाइन झाली, जिच्यात मार्गदर्शिकांना मागच्या बाकांवरचे काहीच ऐकू येत नव्हते. ज्या भेटी झाल्या त्या उत्कृष्ट होत्या, पण म्हणूनच उरलेल्या तीन बुडाल्याचे जास्त जाणवले. वाचनसाहित्य बहुतांशी बालवर्गाच्या आणि कमी पटाच्या वर्गांच्या अनुभवांवर आधारलेले आहे. एका वर्गात ५० मुले, ३५ मिनिटांची तासिका आणि ठरलेल्या तारखेला संपवायचा घटक, या चौकटीत एका मुलाच्या विचारामागे जाण्यासाठी वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न आम्ही वारंवार विचारला. ‘लहान सुरुवात करा’ हे त्यावरचे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गटांची रचना, वेळेचे भाग, एका आठवड्यात किती मुलांकडे पाहता येईल, याचे प्रत्यक्ष टाचण हवे होते. शेवटी ते आम्ही तिघी-चौघींनी आपसांत बसून तयार केले.

विषयज्ञानाची बाजूही पातळ आहे. अपूर्णांकाच्या त्या प्रसंगात मला दोन सप्तमांशामागचे गुणोत्तर ओळखता आले, कारण गणित माझा विषय आहे. ज्यांचा नाही, त्यांना मुलाचे ऐकण्याची इच्छा असूनही त्याच्या बोलण्यातले गणित ऐकू येत नाही. मुलाचे म्हणणे ऐकायचे असेल तर विषय अधिक खोल यावा लागतो, आणि याची जाणीव अभ्यासक्रमाने ठळकपणे करून द्यायला हवी.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे या विचारावरच्या टीकेला येथे फारसे स्थान मिळाले नाही. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००६मध्ये असा युक्तिवाद केला की नवशिक्यांना अत्यल्प मार्गदर्शनात सोडून देणे त्यांच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी मोजकीच माहिती मनात धरणाऱ्या स्मृतीवर, फार भार टाकते, आणि स्पष्ट करून दाखवलेल्या उदाहरणांतून ते अधिक चांगले शिकतात. या म्हणण्याला उत्तर आहे, पण ते शोधायला शिक्षकांना बसवायला हवे होते. तसे न झाल्याने आमच्यातल्या काहींनी बालकेंद्री म्हणजे शिक्षकाने गप्प बसायचे असा अर्थ घेतला, आणि त्यांच्या वर्गांत मुले नुसती साहित्य हाताळत राहिली. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, हे खुद्द ड्युई यांनी १९३८मध्ये बजावले होते. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांच्या मांडणीतही मूल जे एकट्याने करू शकत नाही पण मदतीने करू शकते, तिथेच शिक्षकाची जागा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला कागदी पट्ट्या मी दिल्या होत्या, आणि कोणत्या वेळी द्यायच्या हेही मीच ठरवले होते. ही निवड कशी करायची, यावर निदान दोन सत्रे असायला हवीत.

शेवटी मूल्यमापन. मुलांची तुलना करू नये, त्यांच्या कामाचे वर्णन करावे, असे १० महिने शिकवल्यावर आमच्या नोंदवह्यांना मात्र श्रेणी देण्यात आल्या. अंतिम सादरीकरणासाठी ठरावीक निकषांचा तक्ता आल्याबरोबर तुकडीतले वातावरण बदलले. ज्या सहकाऱ्यांनी आपल्या फसलेल्या तासिका मोकळेपणाने मांडल्या होत्या, तेच सजवलेले पाठ दाखवू लागले. प्रमाणपत्रासाठी काही नोंद लागते हे मला मान्य आहे, पण जी वर्णनाची पद्धत मुलांसाठी योग्य ठरते, ती शिक्षकांसाठी का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

हा अभ्यासक्रम कोणी करावा? ज्यांच्या हाती सध्या एखादा वर्ग आहे, त्यांनी अवश्य करावा; वर्गाशिवाय यातले निम्मे काम कागदावरच राहील. ज्यांनी नुकतेच शिकवायला सुरुवात केली आहे, त्यांनी आधी एखादे वर्ष शिकवून मग यावे असे मी सुचवेन, कारण आमच्या तुकडीतील सर्वांत नवख्या शिक्षिकेला वर्गाची शिस्त आणि हे निरीक्षण यांचा मेळ घालताना फार त्रास झाला. नाव नोंदवण्यापूर्वी एक सत्र मागे बसून पाहू द्या, अशी विनंती करावी, आणि प्रशिक्षक किती वेळ बोलतात व शिक्षक किती वेळ काम करतात, हे घड्याळाकडे पाहून मोजावे. वर्गभेटींची संख्या लेखी घ्यावी. अभ्यासक्रम संपल्यावर पाठपुरावा आहे का, हेही विचारावे. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून आम्ही सहा जणी आता महिन्यातून एकदा आपापल्या वह्या घेऊन भेटतो. मागच्या भेटीत दोन सप्तमांशाची ती पट्टी मी बरोबर नेली होती, आणि तीवर आम्ही दोन तास बोललो.