क्लचचं तेल घरी बदललं, त्याला सात महिने झाले

मे महिन्यात इंदूरला पलासियाच्या सिग्नलवर क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाचं टोक खाली घालून ते वर ओढलं, मागच्यांचे हॉर्न खाल्ले आणि गाडी कशीबशी रामबागेत आणली. सकाळी पाहतो तर पेडल ठणठणीत! सर्व्हिसवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "भिया, प्लेट तो गई समझो." अंदाज अकरा हजार. अहो, क्लचची प्लेट घसरते तेव्हा इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. माझी छान पळत होती, फक्त गर्दीत तापली की पेडल बसायचं. म्हटलं, आधी स्वस्तातलं करून बघू.

माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लचची तेलाची टाकी एकच, त्यात डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. मानकाप्रमाणे कोरं तेल 230 अंशांच्या आत उकळायला नको, पण पाणी मुरल्यावर हीच हद्द 155 वर येते. वाफ झाली की पाय वाफच दाबत बसतो, क्लच सुटत नाही.

फिशटँकची पारदर्शक नळी वीस रुपयांना, दहा नंबरचा रिंग पाना घरचाच. नळीचं दुसरं टोक बाटलीत, तेलात बुडवून. सौ. पेडलवर, मी खाली निपलपाशी, म्हणजे जुनं तेल बाहेर काढायच्या तोंडापाशी. तिने दाबून धरायचं, मी निपल ढिलं करायचं, कसायचं, मगच तिने पाय काढायचा. मी निपल ढिलं करून ओरडलो, "सोडलं!" तिने पाय सोडला. नळीतून तेल उलटं वर गेलं, मागोमाग हवा. "तुम्हीच म्हणालात ना सोड!" मुद्दा तिचाच बरोबर होता. मग 'उघडं' आणि 'बंद' असे दोनच शब्द ठरले. आधी काढ्यासारखं काळं आलं, मग फिकट. मध्ये मध्ये टाकी भरत राहिलो, कारण ती रिकामी झाली की पुन्हा हवा. थेंब मडगार्डवर सांडला, तो लगेच पाण्याने धुतला. हे तेल रंग खातं.

पेडल झकास झालं. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. तीन आठवड्यांत भेरूघाटाच्या जाममध्ये पेडल पुन्हा तळाला!

कारण मी. दोन वर्षांपूर्वी ब्रेकचं काम झालं तेव्हाची अर्धी बाटली माळ्यावर होती, तीच ओतली होती. झाकण घट्ट होतं हो, पण बाटलीत अर्धी हवा होतीच की. जूनमध्ये सीलबंद बाटली आणून सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून अख्खा पावसाळा, दोनदा ओंकारेश्वर, रोजची राजवाड्याची गर्दी. पेडल एकदाही बसलं नाही. प्लेट अजून तीच.

तक्रार एकच, आणि ती मी सोडणार नाही. लागतं जेमतेम पाव लिटर, आणि कॉलनीतल्या दुकानात मिळते अर्ध्या लिटरचीच बाटली. उरलेल्याचं माणसाने काय करावं? फेकवत नाही, वापरता येत नाही. ती पुन्हा माळ्यावर गेली आहे. सौ.ने तिच्यावर मार्करने लिहून ठेवलंय, 'यांना देऊ नये'.