आईचे सोडियम ११२ : मेडिसिन वॉर्डातील सहा दिवस

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या ७२ वर्षांच्या आईला पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सहा दिवस ठेवावे लागले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. शस्त्रक्रियेचा टाका दिसतो, मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर दिसते. मेडिसिनच्या डॉक्टरांचे काम मात्र बहुतांशी केसपेपरवरच राहते, म्हणून ते सविस्तर नोंदवावेसे वाटले.

दोन दिवस तिला मळमळत होते, अन्न जात नव्हते, आणि मंगळवारी सकाळी ती मला मामाच्या नावाने हाक मारू लागली. आम्ही अर्धांगाचा झटका समजून धावलो. तातडीच्या विभागात सर्वांत आधी बोटाला टोचून साखर पाहिली गेली, कारण मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली तरी असाच गोंधळ उडतो. ती १६८ निघाली. दोन्ही बाजूंच्या हातापायांत ताकद सारखी होती आणि सीटी स्कॅनमध्ये काही सापडले नाही. रक्ताच्या तपासणीत मात्र सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, ११२ आले, जे एरवी १३५ ते १४५ असते; ते इतके उतरले की मेंदूवर परिणाम होऊन असाच गोंधळ उडतो.

यानंतर निवासी डॉक्टरांनी जे केले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ‘घरातल्या सगळ्या गोळ्या आणा, संपलेल्या पाकिटांसकट,’ असे सांगून त्यांनी ती पिशवी पलंगावर रिकामी केली आणि एकेक गोळी कधी सुरू झाली ते विचारले. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन वाढवलेले होते. ही गोळी लघवीवाटे मीठ बाहेर टाकते. त्यात उन्हाळा म्हणून आई तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, ज्याने रक्तातील सोडियम आणखी पातळ होते, आणि रक्तदाबामुळे जेवण अळणी होते. गोळी तिथल्या तिथे बंद झाली. तरीही कारण सापडले म्हणून ते थांबले नाहीत; लघवीतील सोडियम, थायरॉइड आणि सकाळचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासून इतर कारणे बाजूला सारली. लघवीत पू-पेशी दिसल्या, पण ताप नव्हता, जळजळ नव्हती आणि गोंधळाचे कारण समोर होते, म्हणून प्रतिजैविक द्यायचे नाही, असे वरिष्ठ डॉक्टरांनी राउंडच्या वेळी स्पष्ट सांगितले. औषध न देण्याचा निर्णयही इतक्या विचाराने घेतला जातो, हे मी प्रथमच पाहिले.

खरी कसोटी पुढे होती. सोडियम लवकर वाढवा, असे आम्ही नातेवाईक म्हणत होतो. डॉक्टर ते जपून वाढवत होते. सुरुवातीला तीन टक्के मिठाचे १०० मिलिलिटर सलाईन दिल्यावर त्यांनी समजावले की चोवीस तासांत सोडियम आठ अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचे नाही, कारण ते फार वेगाने चढले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. पोटॅशियमही ३.१ होते, आणि ते भरून काढतानाही सोडियम वर सरकते, हा हिशेब त्यांनी धरला होता. पहिल्याच रात्री आईची लघवी एकदम वाढली. मला ते चांगले लक्षण वाटले. ड्यूटीवरील डॉक्टर मात्र सावध झाले, कारण गोळीचा परिणाम ओसरला की मूत्रपिंडे साठलेले पाणी झपाट्याने बाहेर टाकतात आणि सोडियम उसळी घेते. रात्री दोन वाजता पुन्हा रक्त घेतले गेले आणि सलाईन थांबवले गेले. सकाळी आकडा होता ११९, दुसऱ्या दिवशी १२५.

रोज राउंडला ‘आजी, आज कोणता वार?’ असे विचारले जाई. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘गुरुवार. आज माझा उपास असतो.’ त्या आठवड्यात उपास करता येणार नाही, हे डॉक्टरांनी तिला अतिशय आदराने पटवून दिले. मधुमेहाच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवून इन्सुलिनवर साखर १४० ते १८०च्या आसपास ठेवली होती, आणि सिस्टर जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन टोचत नसत.

उणिवा गंभीर आहेत. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढायची असे राउंडमध्ये ठरले होते, पण ती चौथ्या दिवशी, आम्ही आठवण केल्यावर निघाली. नळी जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रात्रभर दिवे आणि आवाज चालू असत, त्यामुळे आधीच गोंधळलेल्या आईला झोप लागेना. सर्वांत जास्त खटकले ते डिस्चार्ज कार्ड. क्लोरथॅलिडोन नव्या औषधांच्या यादीत नव्हते, पण ते का बंद केले, याचा एक शब्दही नव्हता. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून तीच गोळी पुन्हा सुरू केली असती तर? मी आग्रह धरल्यावर ‘या गटातील औषध पुन्हा देऊ नये’ असे लाल शाईने लिहून मिळाले.

घरी जाताना सोडियम १३३ होते आणि रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू झाले होते. आठवड्याने बाह्यरुग्ण विभागात दाखवायला गेलो, तेव्हा दोन तास रांगेत बसावे लागले; सोडियम १३६ आले. त्या निवासी डॉक्टरांनी तेव्हाही गोळ्यांची पिशवी मागून घेतली आणि टेबलावर रिकामी केली. आईला पुन्हा दाखल करायची वेळ आली, तर मी तिला याच वॉर्डात नेईन. फक्त नळी कधी निघणार, हे रोज सकाळी विचारीन.