संध्याकाळचं पुणे केंद्र: ७९२ किलोहर्ट्झ मिडियम वेव्ह की ॲप?

भाषण, मुलाखत, श्रुतिका आणि शास्त्रीय गायन एका बैठकीत ऐकायचं असेल, तर आकाशवाणी पुणे केंद्राला आजही पर्याय नाही. बोललेल्या कार्यक्रमांसाठी मिडियम वेव्ह उत्तम. गाण्यासाठी मात्र आकाशवाणीचं न्यूज ऑन एआयआर ॲप लावावं.

पुण्यात ७९२वर खरखर ऐकू आली की लोक केंद्राला बोल लावतात. पण प्रक्षेपक हडपसरला आहे, त्यामुळे शहरात जमिनीलगत येणारी लहर भरपूर जोरकस असते. सूर्यास्तानंतर वातावरणातला, दिवसा या लहरी शोषून घेणारा ‘डी’ थर विरतो आणि लांबची केंद्रं परावर्तित होऊन येऊ लागतात, पण त्यांचा उपद्रव शहराबाहेरच अधिक. शहरात खरखर होते ती घरातूनच: स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर. रेडिओ सेलवर चालवा आणि घरातले एमसीबी (विजेच्या पेटीतले प्रत्येक लाइनचे स्विच) एकेक करून खाली पाडा. ज्याच्यासरशी खरखर थांबेल, दोष त्या लाइनवर. सगळे पाडूनही थांबली नाही, तर ती शेजारून किंवा जिन्यातल्या दिव्यांतून येते आहे.

वरची दांडी कितीही ओढली तरी बहुतेक रेडिओंत ती एफएमसाठीच असते. मिडियम वेव्हचा ॲंटेना म्हणजे आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. तिचं टोक ज्या दिशेला, तिकडून सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून खरखरीच्या उगमाकडे टोक येईल असा रेडिओ फिरवावा. उगम आणि हडपसर एकाच रेषेत आले तर हा उपाय चालत नाही. मग जागाच बदलावी लागते. काँक्रीटच्या इमारतीत खिडकीजवळची जागा निवडावी. परदेशातून आणलेला डिजिटल संच १० किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर असेल तर ७९०वरून थेट ८००वर उडी मारतो. सेटिंगमध्ये ९चा टप्पा निवडला की ७९२ सापडतं.

मिडियम वेव्हवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे फार उंच पट्टीचा, आवाज पोचत नाही. निवेदकाचा शब्द त्यात स्वच्छ राहतो, श्रुतिकेतली पावलं आणि दारंही कळतात. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, मात्र हरवते, सारंगी बोथट वाटते. हेच केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५पासून इथूनच गीतरामायणाची ५६ गीतं आठवड्याला एक अशी घरोघर गेली. शब्द ठळक ठेवणाऱ्या त्या रचना अशाच लहरींवरून पोचल्या, हे ऐकताना ध्यानात घ्यावं.

रागसंगीतासाठी न्यूज ऑन एआयआर ॲपवर ‘रागम’ लावावं. २६ जानेवारी २०१६ला सुरू झालेली ही वाहिनी चोवीस तास चालते. ६४ केबीपीएसने तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. इंटरनेटवर आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नये आणि रेडिओ व ॲप एकत्र चालवू नयेत. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, जो १९५२मध्ये सुरू झाला, लावायचा तर आरंभीचं निवेदन चुकवू नका. राग, ताल आणि साथीदारांची नावं तिथेच सांगतात. मधूनच रेडिओ लावला तर ती कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं.