वासराचं सीरम: खुब्याच्या चाचणीसाठी उत्तम, पण नासतं

कृत्रिम खुब्याच्या झीज-चाचणीत वंगण म्हणून वासराचं सीरमच (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वापरा, असं आयएसओ १४२४२-१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. कारण पक्कं आहे. नुसत्या पाण्यात चाचणी केली की खुब्याच्या वाटीतल्या पॉलिइथिलिनचा (एक प्लास्टिक) थर तिच्यात फिरणाऱ्या धातूच्या गोळ्यावर चढतो. रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या गोळ्यांवर तो सहसा सापडत नाही. सीरममध्ये ही भानगड होत नाही.

विकत घेताना लॉटच्या प्रमाणपत्रावरचा प्रथिनांचा आकडा बघा. मिश्रणात लिटरला ३० ग्रॅम हवीत. बाटलीत ६० असतील तर तेवढंच पाणी. ईडीटीएचा (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) डायसोडियम क्षार २० मिलिमोलरसाठी लिटरला ७.४४ ग्रॅम लागतो. तो आधी पाण्यात घाला. एवढ्या प्रमाणात तो पाण्यात सहज विरघळतो. गोठलेली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, गरम पाण्यात घाई नको.

खरी कटकट यंत्र सुरू झाल्यावर. भांड्यातला तापमापक ३७ अंश दाखवतो, पण घासणाऱ्या जागी तापमान त्याहून चढतं. उष्णता आणि घर्षणाची ओढाताण यांनी अल्ब्युमिन या सीरममधल्या मुख्य प्रथिनाच्या घड्या उलगडतात, आत दडलेले पाणी टाळणारे भाग उघडे पडतात आणि रेणू एकमेकांना, गोळ्याला चिकटतात. दूध नासावं तसं. झिरकोनिया या सिरॅमिकचा गोळा उष्णता वाहून नेण्यात मंद, म्हणून तिथे साका जास्त, अ‍ॅल्युमिना या दुसऱ्या सिरॅमिकवर कमी. भांड्यात द्रव थोडा असेल तर तो आणखी लवकर गढुळतो.

हा साका निकाल बिघडवतो. गोळ्याच्या माथ्यावर तपकिरी पट्टा दिसतो, बोटाने पुसला जात नाही. असा थर वाटीला झाकतो आणि झीज खऱ्यापेक्षा कमी भरते. जास्त क्रॉसलिंक केलेल्या (रेणूसाखळ्या एकमेकींना जोडलेल्या) पॉलिइथिलिनची झीज १० लाख फेऱ्यांना काही मिलिग्रॅमच असते. वाटीवर एखादा मिलिग्रॅम प्रथिन राहिलं तरी हिशेब कोसळतो. म्हणून वजनाआधी डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिक धुणं, आणि तुलनेला न घासलेली, पण तशीच भिजवलेली वाटी हवीच. धातूवर-धातू जोडीत (गोळा आणि वाटी दोन्ही धातूची) मात्र तो थर सरसकट घासून काढू नका. २०११ मध्ये तशा काढलेल्या खुब्यांवर ग्रॅफाइटसारखा कार्बनचा थर सापडला होता, म्हणजे तो स्वतःच अभ्यासाचा विषय.

पातळी घटली की शुद्ध पाणी घाला, सीरम नव्हे. उडून जातं ते पाणीच. दर ५ लाख फेऱ्यांनी सगळं बदला. जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड घातलेलं जुनं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार बनतात.