परभणीच्या उन्हाळ्यात ट्यूब अँप: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले, आता लिहायला हरकत नाही. ईएल34 ट्यूबचा, म्हणजे जुन्या धर्तीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा, 35 वॅटचा पुश-पुल अँप (अँप्लिफायर) आणि शेजारी ट्रान्झिस्टरचा अँप, एकाच स्पीकरवर आलटून पालटून वापरतोय. "ट्यूबचा आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा" हे ऐकून कान किटले होते. हा गोडवा नेमका येतो कुठून, ते मला शोधायचंच होतं.

आधी कानाला काय जाणवलं ते सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूरांची जुनी एलपी लावली की ट्यूबवर आवाज भरीव लागतो आणि तबल्याचा डग्गा घुमत राहतो. ट्रान्झिस्टरवर तोच डग्गा जागच्या जागी थांबतो, मनगटाचा दाब स्पष्ट कळतो. मल्टीमीटर लावून दोन्हींची पातळी जुळवली, पुतण्याला तारा बदलायला बसवलं आणि पाठ करून ऐकलं. बहुतेक वेळा ओळखता आलं. म्हणजे हा मनाचा खेळ नाही.

मग सेकंड हार्मोनिकमुळे (मूळ सुराच्या दुप्पट कंपनाचा जोडसूर अँप स्वतःच मिसळतो त्यामुळे) गोडवा येतो म्हणावं, तर पुश-पुल रचनेत, म्हणजे दोन ट्यूब एकमेकींच्या उलट दिशेने जोडीने चालतात तिथे, आउटपुट ट्यूबची सम हार्मोनिक्स बरीचशी एकमेकांना मारतात. माझ्या अँपमध्ये खरी गोम आहे आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या विजेला अँपच्या आतून होणाऱ्या अडथळ्याची. तो मोजला तर 2 ओहमच्या आसपास भरतो. ट्रान्झिस्टरचा 0.1 ओहमच्याही खाली. माझे स्पीकर नावाला 8 ओहमचे, पण मध्ये कुठेतरी 4 वर उतरतात आणि खर्जात 20 पर्यंत चढतात. अँपचा अडथळा मोठा असला की स्पीकरचा अडथळा जिथे जास्त तिथे आवाजही जास्त मिळतो. हिशेब मांडला तर ट्यूबवर तेवढा खर्ज सुमारे 2.7 डेसिबल वर उचलला जातो. ट्रान्झिस्टरवर हाच फरक 0.2 डेसिबलही भरत नाही.

पडताळायला ट्रान्झिस्टर अँपच्या प्रत्येक स्पीकरच्या तारेत 2 ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर टाकला, पातळी पुन्हा जुळवली. डग्गा घुमायला लागला! आता पुतण्याने कितीही तारा बदलल्या तरी मला खात्रीने सांगता येईना. बॉब कार्व्हर यांनी 1985 साली 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या परीक्षकांपुढे आपला ट्रान्झिस्टर अँप महागड्या ट्यूब अँपशी असा जुळवला होता की त्यांनाही फरक सांगता आला नाही. तेव्हापासून हे माहीत असूनही भांडण चालूच आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. लोक लाखभर रुपये अँपला घालतात आणि स्पीकरचा इम्पिडन्स कागदावरसुद्धा बघत नाहीत.

आता आपल्याकडची गोष्ट. चार ईएल34 च्या नुसत्या हीटरलाच 38 वॅट लागतात, वरचं वेगळं. गाणं चालू असो-नसो, ती सगळी उष्णता खोलीतच. मे महिन्यात पारा 43 वर असताना ट्यूब लावली की कूलर वाढवावा लागतो, आणि कूलरच्या घरघरीत तंबोरा ऐकूच येत नाही. एप्रिल ते जून मी ट्रान्झिस्टरच लावला.

दुसरी अडचण विजेची. रात्री शेतातले पंप सुरू झाले, डीपीवर लोड आला की व्होल्टेज कोसळतं. 6.3 व्होल्टच्या हीटरला दहा टक्क्यांहून जास्त चढउतार सोसत नाही. सर्वो स्टॅबिलायझर घेतला तेव्हा ट्यूब स्थिर झाल्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर हा अँप लावूच नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आणि आत 400 व्होल्टच्या वर डीसी असतो, घरात लहान मुलं असतील तर वरची जाळी काढू नका.

दिवाळीनंतर पुन्हा ट्यूब चालू केली आहे. थंडीत रात्री मन्सूर ऐकायला मला तीच आवडते, आणि कारण ठाऊक असल्याने आवड कमी झालेली नाही. पण नवीन घेणाऱ्याने, विशेषतः स्पीकर 86-87 डेसिबलचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला कमी आवाज देणारे, असतील आणि वीज गावाकडची असेल, तर चांगला ट्रान्झिस्टर अँप घ्यावा आणि उरलेले पैसे स्पीकरला लावावेत. गोडवा हवाच असेल तर आधी तो रेझिस्टर टाकून बघा. दुकानात थोडक्या पैशांत मिळतो.