फोर टॉप्सची बासनात राहिलेली गाणी: आठ महिने ऐकल्यानंतर

फोर टॉप्स या अमेरिकन गायक-चौकडीची ‘लॉस्ट अँड फाउंड: ब्रेकिंग थ्रू’ ही सीडी घरात येऊन आठ महिने झाले. पहिला आठवडाभर ती मला अजिबात आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ‘रीच आउट आय’ल बी देअर’ हे त्यांचं गाजलेलं गाणं ऐकून जो कोणी या सीडीकडे वळेल, त्याचंही असंच होण्याची शक्यता आहे.

मला हवे होते त्यांचे मुख्य गायक लेव्हाय स्टब्स. जिवाच्या आकांताने हाक मारावी तसं गाणारा तो माणूस. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीत त्यांची गाणी मुद्दाम त्यांच्या आवाजाच्या वरच्या टोकाला बांधली जायची, म्हणजे गळा ताणला जाईल आणि तो ताण ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल. इथे मात्र सीडी लावली आणि समोर आले ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वाजवणारा मोठा बँड, ब्रॉडवेच्या नाटकांतली गाणी आणि अदबीने गाणारे चार तरुण. ताण नाही, हाक नाही. मी दोनदा ऐकली आणि कपाटात ठेवून दिली.

परत काढली ती जरा माहिती वाचल्यावर. मोटाउनने १९६३ मध्ये या चौघांना घेतलं तेव्हा ते नवखे नव्हते. डेट्रॉइटमध्ये शाळेच्या वयापासून, १९५३-५४ च्या सुमारापासून ते एकत्र गात होते. आधी नाव होतं ‘फोर एम्स’, पण एम्स ब्रदर्स या दुसऱ्या गायक गटाशी गल्लत होऊ नये म्हणून ते बदललं. चेस, कोलंबिया अशा कंपन्यांसाठी रेकॉर्ड काढून झाल्या होत्या, त्यातली एकही चालली नाही. पोट भरत होतं ते क्लबांमधल्या कार्यक्रमांवर, आणि तिथे लोकांना हवी असायची जॅझची आणि नाटकांतली गाणी. म्हणजे माझ्या कानाला जे परकं वाटलं, तेच त्यांचं जवळजवळ दहा वर्षांचं रोजचं काम होतं. मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी कंपनीच्या ‘वर्कशॉप जॅझ’ या शाखेसाठी ही गाणी करून घेतली. पुढे ती शाखाच बंद पडली आणि अल्बम बासनात गेला. बाहेर आला १९९९ मध्ये, पस्तीस वर्षांनी.

एक गोष्ट मला अजून बोचते. या गटाच्या स्वरमेळाची बांधणी बहुतेक चौघांपैकी लॉरेन्स पेटन करायचे. कोणी कुठला स्वर धरायचा आणि कुठे सोडायचा, हे ते ठरवायचे. १९९७ मध्ये ते वारले. ही सीडी यायला आणखी दोन वर्षं लागली. लोकप्रिय गाणी जर लेव्हाय यांची, तर ही सीडी पेटन यांची आहे, असं आता मी ठामपणे म्हणतो.

हे कळलं पेटीवर. एका संथ गाण्याच्या शेवटी चौघं एक स्वर लांबवतात. मला वाटलं, सा, ग, प आणि वरचा सा असणार. हेडफोन लावून, पेटीवर एकेक पट्टी दाबत पडताळून पाहिलं तर जुळेना. वरचा सा कुणी घेतलाच नव्हता. एक आवाज धैवतावर जाऊन बसला होता, पंचमाला अगदी खेटून. पेटीवर ते दोन स्वर एकत्र दाबले की खटकतात. त्यांच्या गळ्यातून मात्र तोच धैवत एखादी खिडकी हळूच उघडावी तसा येतो. त्या चार-पाच सेकंदांसाठी मी तो तुकडा पन्नासेक वेळा ऐकला असेन.

आपल्याकडे एकत्र गायचं म्हणजे सगळ्यांनी एकच चाल एकच सूर धरून गायची. पोवाड्यातले झीलकरीसुद्धा शाहिराचीच ओळ उचलतात, फक्त चढ्या आवाजात. आमच्या गणेशोत्सवाच्या मंडळात वीस वर्षं गातोय, कोणाचा सूर वेगळा लागला की त्याच्याकडे मान वळलीच पाहिजे. त्यामुळे चौघांनी चार वेगळे स्वर धरायचे आणि तरी एकच माणूस गातोय असं वाटायचं, याला कान सरावायला वेळ लागला. चौघांतला कोणीही न बदलता ते चाळीसहून जास्त वर्षं एकत्र राहिले, हेही त्या आवाजात ऐकू येतं असं मला वाटतं.

वापराबद्दल सांगायचं तर ही सीडी हेडफोनवर आणि रात्रीच ऐकावी. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ट्रम्पेट सगळं खाऊन टाकतात, गाडीत तर काहीच हाती लागत नाही. उणीवही आहे. काही ठिकाणी बँडचा थाट इतका मोठा होतो की गाणारे पाहुण्यासारखे वाटतात. दोन-तीन गाणी मी हल्ली सरळ पुढे ढकलतो. परदेशातल्या विक्रेत्याकडून जुनी मागवली होती, खोक्याला तडे गेले होते, सीडीवर मात्र ओरखडा नव्हता.

मोटाउनच्या कपाटातून नंतर पुष्कळ काही बाहेर आलं. दर शुक्रवारच्या बैठकीत कुठलं गाणं बाजारात जाईल हे ठरायचं, आणि नापास झालेल्यांचा साठा मोठा होता. २००२ चं ‘अ सेलरफुल ऑफ मोटाउन’ त्यातूनच आलं. पुढे युरोपात कायदा बदलला. पन्नास वर्षांत प्रकाशित न केलेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जाणार म्हटल्यावर २०१३ पासून वर्षावर्षाचे ‘मोटाउन अनरिलीज्ड’ संच येऊ लागले. तेही मी ऐकले, आनंदाने ऐकले. पण त्यातली बरीच गाणी माहीत असलेल्या वाटेवरच थोडक्यात मागे राहिलेली आहेत. ‘ब्रेकिंग थ्रू’मध्ये वाटच वेगळी आहे.

फोर टॉप्स कधीच ऐकले नसतील तर ही सीडी आधी घेऊ नका. १९६४ ते १९६७ ची गाणी महिनाभर ऐका, मग इकडे या, आणि मग परत तिकडे जा. मी तसंच केलं. १९६४ चं ‘बेबी आय नीड युअर लव्हिंग’ हे त्यांचं मोटाउनमधलं पहिलं यश. लोकप्रिय गाण्यांत अँडान्टीज या बायकांच्या गटाचे आवाज वर चढवलेले असायचे, त्यामुळे या पुरुषांचा मेळ खाली दबून राहतो. आता ते गाणं लावलं की मी लेव्हाय यांना बाजूला ठेवून पेटन यांचा आवाज शोधतो. परवा रात्री दोनदा स्पष्ट सापडला, तिसऱ्यांदा पुन्हा हरवला.